नानांची एकनळी

१९६४ साली आमची पलटण पंजाबात, सरहद्दीजवळच्या एका कालव्यावर होती. काम नेहमीचं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन खंदकात सज्ज उभं राहायचं, मग पीटी, खंदकांची दुरुस्ती, शस्त्रसफाई, संध्याकाळी पुन्हा स्टँड-टू. मी तेव्हा नाईक होतो, दोन फितींचा. माझ्या सेक्शनमध्ये लान्स नाईक विनायक पाठक होता. दोघंही यवतमाळ जिल्ह्यातले. तो वणी गावातला, मी राजूरच्या बाजूच्या बंजारा तांड्यावरचा.

तांड्यात नाईक म्हणजे मुखिया. माझे वडील सोमला नाईक हे आमच्या तांड्याचे नाईक. त्यांना मी बापू म्हणायचो. मला दुसरी फीत मिळाली तेव्हा विनायकने माझ्यातर्फे घरी पत्र लिहिलं, की हरसिंग नाईक झाला. बापूंनी मास्तरांकडून उत्तर धाडलं, "मी जित्ता असताना तू नाईक कसा झाला?" ते पत्र विनायकने अख्ख्या बराकीला वाचून दाखवलं. सुभेदार साहेबसुद्धा हसले.

विनायकच्या घरी तीन पिढ्या लेखणी. त्याचे वडील, नाना, वणीच्या कोर्टात नाझर होते. जप्त्या, समन्स, शिक्का यांत त्यांचं आयुष्य गेलं. विनायक मॅट्रिक झाला आणि कोर्टात चिकटेल असं सगळे धरून चालले होते. तो कामठीला जाऊन भरती झाला. डॉक्टरी तपासणीच्या रांगेत माझ्या पुढे उभा होता. मागे वळून म्हणाला, "कोन्या गावचा गा?" मी सांगितलं. त्याने फडक्यातली दशमी काढली आणि अर्धी मला दिली. तिथून आम्ही बरोबर होतो. तो घोरायचा फार. प्लाटूनमधल्या निम्म्या लोकांची पत्रं तोच लिहायचा. माझ्या आईला तो माझ्यासारखंच 'याडी' म्हणायचा, आणि तिला ते माझ्या तोंडापेक्षा त्याच्या तोंडी जास्त गोड लागायचं.

त्या वर्षी दोघांना एकत्र लीव्ह मिळाली. नागपूरहून माजरी, माजरीहून वणी. स्टेशनबाहेर आलो तेव्हाच काहीतरी बिघडलेलं जाणवलं. दिवेलागणीला अजून अवकाश होता, तरी दुकानं बंद व्हायला लागली होती. टांगेवाला म्हणाला, "लवकर बसा बाप्पा. दिवस बरे नाईत."

चांद्याच्या रस्त्यावर एका व्यापाऱ्याची गाडी लुटली गेली होती. त्यानंतर दरोडेखोरांनी किसनलाल शेठच्या भावाला शेतातल्या घरात शिरून मारहाण केली, त्याचा हात मोडला. किसनलालची गावात जिनिंग फॅक्टरी होती. भाऊ त्याच्याहून धाकटा, साधा माणूस. मी त्याला पाहायला गेलो, तेव्हा तो दाराकडे पाठ करून बसूच शकत नव्हता. ही भीती खोटी नव्हती, हे मी आधी सांगतो. पुढचं ऐकताना गावातल्या लोकांना कुणी हसू नये.

पण माल कुठे गेला, याचं उत्तर गावाने स्वतःच ठरवून टाकलं होतं. माल तांड्यावर गेला. आमच्या बायका बाजाराला आल्या की दुकानदार फळी ओढून घ्यायचे. आमच्याही तांड्याचे बैल त्याच महिन्यात चोरीला गेले होते. ते कुणी विचारलं नव्हतं.

गावात ज्यांना शक्य होतं त्यांनी बंदुकीचे परवाने काढले. चीनच्या लढाईनंतर लोकांच्या मनात तसंही काहूर होतं, आता ते घरात शिरलं. किसनलालकडे दुनळी आली. आणि आमच्या नानांनी एकनळी बारा बोअर घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विनायककडे गेलो. नाना ओट्यावर बसले होते. बंदूक भिंतीला टेकलेली. माई, म्हणजे विनायकची आई, चहा घेऊन आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हरसिंग, तूच सांग रे यांना. ही आली तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा नाही. आधी चोराची भीती होती. आता यांची आहे."

नाना म्हणाले, "मी रात्री उशाशी ठेवतो. भरलेली. वेळ सांगून येत नाही."

विनायकने चहाची बशी खाली ठेवली. "नाना, आमच्याकडे ब्रेनगन आहे. पण ड्यूटी संपली की सगळी हत्यारं कोतात, म्हणजे हत्यारखान्यात, जमा होतात. कुलूप लागतं. लढाईवर असलो तरच रायफल जवळ. एरवी तिच्याशेजारी कुणी झोपत नाही."

"तुमच्या भोवती पलटण असते. माझ्या भोवती कोण आहे?"

नाना माझ्याकडे वळून मऊ आवाजात म्हणाले, "हे मी तुला धरून बोलत नाही हं. तू आमचाच. तांड्याचं वेगळं."

"नाना, मी तांड्याचाच आहे," मी म्हणालो.

माईने माझ्या चहात न विचारता आणखी एक चमचा साखर घातली आणि आत गेली.

तहसीलदारांना कळलं की दोन जवान लीव्हवर आलेत. त्यांनी निरोप धाडला, परवानेवाल्यांना निदान बंदूक धरायला शिकवा, नाहीतर एखादा स्वतःच्याच पायावर गोळी घालेल. निर्गुडा नदीच्या पात्रात वाळूवर आम्ही रोज सकाळी वर्ग सुरू केला. सात-आठ जण असत. किसनलाल धोतर वर खोचून येई. नाना कोट घालून येत, काळा, कोर्टातला.

शिकवायचं काम विनायकचं. त्याचा आवाज परेड ग्राउंडचा होता. घरात हळू बोलणारा माणूस, पण हुकूम दिला की नदीपलीकडच्या म्हशी मान वर करत. त्याने पहिला हुकूम शिकवला तो 'खाली कर', म्हणजे बंदूक रिकामी कर. खटका दाबायचा, बंदूक मोडायची, म्हणजे सांध्यातून उघडायची, काडतूस बाहेर, उघडी नळी आभाळाकडे. मग तो एकेकाच्या नळीत बोट घालून बघायचा. हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा. गप्पा मारता मारता मधेच ओरडायचा, "स्क्वॉड, खाली कर!" सगळे दचकून बंदुका मोडत. तीन दिवस झाले तरी एकही बार उडवू दिला नाही.

किसनलाल कुरकुरला. "अरे भाई, हम मारना सीखने आये. ये तो बस खाली करनाच सिखा रहा."

"शेठजी, मारणं एका दिवसात येतं," विनायक म्हणाला. "चला. भर. खाली कर."

इकडे तांड्यावर बापू वेगळाच विचार करत होते. एका संध्याकाळी मला म्हणाले, "गाववाले आपल्याले भेतात, आपन त्याईले भेतो. चोर दोघाईले लुटून राह्यला. मी आपले पोट्टे घेऊन जातो. गस्त संगं घालू."

"काठ्या घेऊन?"

"मंग काय घेऊन जाऊ? टाळ?"

विनायकला ही कल्पना एकदम पटली. त्याने तहसीलदारांना सांगितलं, किसनलालला सांगितलं, नानांनाही सांगितलं. ठरलं, की होळीच्या आधी, दुपारच्या उजेडात, मी तांड्यावरची माणसं घेऊन जिनिंगपाशी यायचं. तिथे सगळ्यांची ओळख करून द्यायची. विनायक गावाकडून येणार.

त्या दिवशी आम्ही निघालो. बापू पुढे, लाल पागोटं, हातात काठी. मागे डझनभर माणसं, सगळ्यांच्या काठ्या खांद्यावर. मी बापूंच्या बाजूला, साध्या कपड्यांत. ऊन चढलेलं होतं. राजूरच्या चुनाभट्ट्यांकडून येणारी एक सायकल आम्हाला ओलांडून गेली. सायकलवाल्याने आमच्याकडे पाहिलं आणि पायडल जोरात मारलं. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. पुढे कळलं, तो बाजारात ओरडत शिरला, "तांडा आला! काठ्या घेऊन तांडा आला!"

आम्ही येणार हा निरोप सगळ्यांना माहीत होता. पण ओरड झाली तेव्हा तो कुणालाच आठवला नाही. भीतीत असंच होतं. मी हे फ्रंटवरही पाहिलं आहे. ठाऊक असलेलं सगळं माणूस विसरतो आणि हाताला जे लागेल ते धरतो.

जिनिंगसमोर कापसाच्या गाठी रचलेल्या होत्या. आम्ही पन्नासेक पावलांवर आलो तेव्हा मला गाठींच्या वर नळ्या दिसल्या. मी हात वर केला. "थम!" मागची माणसं थांबली. बापू मात्र दोन-चार पावलं पुढे गेले आणि हाक दिली, "राम राम, शेठजी! आमी आलो!"

तेवढ्यात गावाच्या बाजूने विनायक पळत येताना दिसला. बनियनवर, अर्ध्या गालाला दाढीचा साबण तसाच. तो गाठींच्या मागून आला असता तर आडोशाला राहिला असता. तो पुढून आला, बंदुका आणि आम्ही यांच्यामधल्या मोकळ्या रस्त्यावर.

तो मध्ये पोचायच्या आत बार झाला. एकच.

बापू एका गुडघ्यावर आले. पोटरीतून रक्त येत होतं. माझ्या मागे ओरडा झाला आणि काठ्या खांद्यावरून हातात आल्या. आमची माणसं धावली असती तर पुढचे बार एकामागून एक झाले असते. मी हात पसरून आडवा झालो, पण एकटा किती जणांना अडवणार? अडवलं ते बापूंनी. ते रस्त्यावर नीट मांडी घालून बसले, जखमी पाय पुढे सोडला आणि म्हणाले, "बसा."

"बापू, रगत..."

"बसा म्हनतो ना! सबन बसा. काठ्या खाली."

माणसं बसली. भर उन्हात, फुफाट्यात, एकेक करत सगळी.

विनायक आमच्याकडे पाठ करून उभा राहिला होता. समोर नळ्या. त्याच्या हातात काही नव्हतं. त्याने एक श्वास घेतला आणि नदीवरचाच आवाज काढला.

"स्क्वॉड! खाली कर!"

क्षणभर काहीच झालं नाही. मग खट्. किसनलालची दुनळी मोडली. मग दुसरी, तिसरी. गाठींच्या वर एकेक उघडी नळी आभाळाकडे गेली. हात आपोआप चालले होते. चेहऱ्यांवर अजून भीतीच होती, पण हातांनी हुकूम पाळला. विनायक गाठींमागे गेला आणि रोजच्यासारखं एकेकाच्या नळीत बोट घालून बघत पुढे सरकला.

शेवटी नाना होते. बार त्यांचाच होता. त्यांना बंदूक मोडता येत नव्हती, अंगठा खटक्यावरून पुन्हा पुन्हा घसरत होता. विनायक त्यांच्याजवळ गेला आणि घरातल्या आवाजात म्हणाला, "नाना, खटका दाबा. हां. झालं."

रिकामं काडतूस खाली पडलं. नानांनी बंदूक मुलाच्या हातात दिली आणि रस्त्यावरून चालत आमच्याकडे आले. अनवाणी. बापूंच्या समोर उभे राहिले.

"माझ्या हातून सुटली," ते म्हणाले. "मी... माझ्याच हातून."

बापूंनी वर पाहिलं. "ते दिसलं मले. पन नाना, तुमचा चष्मा कुठी हाये?"

नानांनी डोळ्यांना हात लावला. चष्मा घरीच राहिला होता. मग ते तिथेच, बापूंच्या शेजारी, धुळीत बसले. कोटासकट.

बापूंना उचलून नानांच्याच घरी नेलं. नानांच्याच पलंगावर झोपवलं. माईने पाणी गरम केलं, पाय धुतला, डॉक्टरांनी छर्रे काढले. बापूंनी हूं की चूं केलं नाही. फक्त माईला म्हणाले, "चादर खराब होऊन राह्यली, बाई." माईचे डोळे भरले, तेव्हा पहिल्यांदा.

ठाणेदार आले. बापूंना विचारलं, "काय झालं?"

"काटा लागला."

"नाईक, काट्यात छर्रे असतात काय?"

"आमच्या इकडं असतात."

ठाणेदारांनी कपाळाला हात लावला. पण नाना आत आले आणि म्हणाले, "लिहून घ्या. मी सांगतो." आणि त्यांनी आपल्या विरुद्धचा जबाब स्वतःच लिहवून दिला, कोर्टाच्या भाषेत, सदरहू आणि मजकूर घालून, एक शब्द न चुकवता. सही केली. बंदूक ठाण्यात जमा झाली, परवाना गेला. कोर्टात समज मिळाली. ज्या कोर्टात ते नाझर होते तिथेच आरोपी म्हणून उभे राहिले. मी विनायकला विचारलं, नानांच्या मनाला फार लागलं असेल ना? तो म्हणाला, "त्या दिवशी घरी येऊन जेवले पोटभर. किती दिवसांनी."

गस्त त्याच आठवड्यात सुरू झाली. गावातले दोन, तांड्यावरचे दोन, काठ्या आणि कंदील. बंदुका ठाण्यात राहायच्या, गरज पडली तरच बाहेर काढायच्या असं ठरलं. पुढे दरोडा पडला नाही. दरोडेखोर सापडले की दुसरीकडे गेले, मला ठाऊक नाही. आमची लीव्ह संपली होती.

पुढे मी सुभेदार होऊन निवृत्त झालो. आता लोक मला विचारतात, सुभेदार साहेब, घरोघर बंदूक असावी की नसावी? मला याचं एका शब्दात उत्तर येत नाही. कारण त्या गोष्टीला आणखी एक शेपूट आहे. बापू बरे झाल्यावर नानांकडे गेले आणि म्हणाले, "नाना, ते तुमची एकनळी मले घेता येईन काय? डुकरं लई झालेत. ज्वारी ठेवून नाही राह्यले." आमच्या तांड्याने पीक राखायच्या परवान्यासाठी पूर्वी अर्ज केले होते, ते नामंजूर झाले होते. यावेळी अर्ज नानांनी लिहिला. ऑफिसात स्वतः खेपा घातल्या. नानांची बंदूक रीतसर बापूंच्या नावे झाली. किसनलालने ऐकलं तेव्हा तो बराच वेळ हसत होता. त्या बंदुकीने आमची ज्वारी वाचली. माणसावर ती पुन्हा कधी रोखली गेली नाही. बंदूक तीच होती. मी एवढंच सांगू शकतो.

बापूंचा पाय थोडा ओढत राहिला. दर बाजाराला ते नानांच्या ओट्यावर बसायचे. दोघं फार बोलायचे नाहीत. नाना पेपर वाचून दाखवायचे, बापू तंबाखू मळायचे. नाना पूर्वी तंबाखू खात नसत.

पुढच्या वर्षी लढाई झाली. मी हवालदार झालो होतो, विनायक नाईक. त्याने घरी लिहिलं होतं, की आता बापूंना सांगा, दोन नाईक झाले.

आमच्या कंपनीला कालव्यापलीकडचं एक गाव घ्यायचं होतं. अटॅकच्या आधी आम्ही उसात पडून होतो. विनायक माझ्या शेजारी. त्याने हेल्मेटची पट्टी घट्ट केली, सैल केली, पुन्हा घट्ट केली.

"हरसिंग, भेव लागून राह्यलं बे."

"मले बी."

"खरंच?"

"हात धरून पाह्य माहा." त्याने माझा हात धरून पाहिला. तो घामाने गार होता. मग विनायक हसला. एवढंच. पुढे हुकूम आला.

त्याचा सेक्शन डावीकडून गेला. मी प्लाटून कमांडरच्या जवळ, वायरलेसपाशी होतो. पुढून खबर येत होती, कमांडर विचारत होते.

"पाठक का सेक्शन बांध पे रुका है. एलएमजी का फायर बायें से. ओव्हर."

"कितने जख्मी? ओव्हर."

"एक बाहर पडा है. पाठक लेने गया है. ओव्हर."

मग थोडा वेळ नुसती खरखर. मग तोच आवाज, "जख्मी आ गया. पाठक नहीं आया. ओव्हर."

गाव आम्ही घेतलं. नाईक विनायक पाठक बांधावर मिळाला, पालथा, हात पुढे. त्याने ज्याला ओढून आत ढकललं तो शिपाई जगला, आज तो आजोबा आहे. त्या दिवशी आमच्या प्लाटूनमधून शिपाई गंगाराम आणि लान्स नाईक शंकर हेही गेले. गंगाराम दारव्ह्याकडचा. तो सुरेख शिट्टी वाजवायचा. शंकरचं लग्न ठरलं होतं. त्यांची नावं मी जिथे बोलतो तिथे घेतो.

लढाई थांबल्यावर मला सुट्टी मिळाली. मी आधी वणीला गेलो, तांड्यावर नंतर. ओट्यावर नाना बसले होते आणि शेजारी बापू. बापू कधीपासून आले होते कोण जाणे. मी सॅल्यूट केला. नानांनी हात जोडले. बापूंनी मान हलवून आत जायला सांगितलं.

माई स्वयंपाकघरात होती. मला बघून तिने पाट सरकवला. मी बसलो. तिने पदराला हात पुसले, समोर बसली, आणि सरळ माझ्याकडे पाहून विचारलं.

"एक सांग. त्याला भीती वाटली होती का रे?"

वाटेत मी बरंच काही ठरवून आलो होतो. शूर होता, हसत गेला, असलं सगळं. ते मी बाजूला ठेवलं.

"वाटली होती, माई. माझा हात धरला होता त्याने."

"आणि तुला?"

"मलाही. सगळ्यांनाच."

माईने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"म्हणजे एकटाच नव्हता घाबरलेला," ती म्हणाली. "मग बरं."